कामाला, कामावर आणि कामी : महाराष्ट्रात नव्याने नोकरीला आलेल्यांसाठी शब्दांची वाट

काही वर्षांपूर्वी आमच्या कचेरीत नव्याने रुजू झालेल्या एका सहकाऱ्याने दूरध्वनीवर पलीकडच्या गृहस्थांना मोठ्या अदबीने सांगितले, ‘साहेब आज कामी आले आहेत.’ त्याला सांगायचे होते की साहेब कामावर आले आहेत. मराठीत माणूस कामी येतो तो रणांगणावर. बखरींमध्ये जो वीर ‘कामी आला’ असे लिहिलेले असते, तो परत घरी येत नाही. पलीकडे क्षणभर शांतता पसरली आणि मग अतिशय हलक्या आवाजात प्रश्न आला, ‘कधी?’

या प्रसंगानंतर त्या सहकाऱ्याला मराठीतले कामाचे शब्द समजावून सांगण्याचे काम माझ्याकडे आले. तेव्हा जे सुचले, ते पुढे येणाऱ्या प्रत्येकाला थोडेफार उपयोगी पडत गेले, म्हणून ते येथे क्रमाने मांडतो. ज्यांना हिंदी येते, देवनागरी वाचता येते आणि मराठी ऐकून बरीच समजते, परंतु बोलताना अडखळायला होते, अशा वाचकाला समोर ठेवून हे लिहिले आहे.

पहिली पायरी : ‘काम’ सोडा, त्याला लागलेला प्रत्यय पकडा

‘काम’ हा शब्द सर्वांना येतो, आणि म्हणूनच तो फसवतो. शब्द तोच राहतो, पण प्रत्यय बदलला की अर्थ दुसऱ्या घरी जातो. ‘ती चार घरी कामाला आहे’ या वाक्यात ‘कामाला’ म्हणजे नोकरीला, हा कायमचा संबंध झाला. ‘ती आज कामावर आली नाही’ यात ‘कामावर’ म्हणजे आजच्या दिवसाची हजेरी. म्हणून ‘तुम्ही कुठे कामाला आहात?’ असे विचारतात आणि ‘तुम्ही आज कामावर आहात का?’ असे विचारतात. हे दोन्ही प्रश्न एकमेकांच्या जागी बसत नाहीत. ‘तो कामात आहे’ म्हणजे त्याला आत्ता सवड नाही. हिंदीच्या सवयीने येथे ‘मी व्यस्त आहे’ असे सांगण्याचा मोह होतो, आणि आता काही वर्तमानपत्रेही तसे छापू लागली आहेत. परंतु ज्यांनी शाळेत सम आणि व्यस्त प्रमाणाची गणिते सोडवली आहेत, त्यांच्या कानाला हा माणूस उलटा टांगलेला वाटतो. ‘कामात आहे’, ‘गडबडीत आहे’ किंवा लिहिताना ‘कार्यमग्न’, एवढे पुरेसे आहे.

‘कामाचा’ म्हणजे उपयोगाचा. कामाचा कागद, कामाचा माणूस. ‘कामातून गेला’ असे यंत्राबद्दल म्हटले तर ते बिघडले आणि माणसाबद्दल म्हटले तर तो वाया गेला. ‘कामाला लागणे’ याचे दोन अर्थ आहेत : मुलगा कामाला लागला, म्हणजे त्याला नोकरी मिळाली, आणि वरिष्ठ ‘चला, कामाला लागा’ म्हणाले, म्हणजे गप्पा थांबवायच्या आहेत. ‘कामी’ या रूपाला मात्र नवशिक्याने जपूनच हात लावावा. ‘साठवलेला पैसा कामी आला’ हे बरोबर आहे, पत्रातले ‘या कामी आपले सहकार्य अपेक्षित आहे’ हेही बरोबर आहे, पण चालत्याबोलत्या माणसाच्या बाबतीत ते वापरू नये.

येथे एक लकब जवळून पाहण्यासारखी आहे. मराठी माणूस तुमच्या टेबलापाशी येतो, थोडा घुटमळतो आणि म्हणतो, ‘तुमच्याकडे जरा एक काम होतं.’ काम आत्ता आहे, अजून झालेले नाही, तरी तो ‘होतं’ असा भूतकाळ वापरतो. हा भूतकाळ वेळेचा नसून संकोचाचा आहे. तो विनंतीची धार बोथट करतो, आणि तुम्ही नकार दिलात तरी दोघांचीही पत राखतो. ‘तुमच्याकडे एक काम आहे’ हे वाक्य व्याकरणाने निर्दोष असले तरी ते हुकूम सोडल्यासारखे ऐकू येते. त्याचप्रमाणे कोणाच्या घरी गेल्यावर यजमानांनी ‘आज काय काम काढलंत?’ असे विचारले, तर त्यात तुसडेपणा नसतो. येण्याचे कारण सांगायला त्यांनी तुम्हाला करून दिलेली ती वाट असते.

दुसरी पायरी : ‘तुम्ही काय करता?’ याचे उत्तर

पगारावर असाल तर ‘नोकरी करतो’ किंवा ‘नोकरी करते’ असे सांगावे. ‘चाकरी’ आता अर्जात किंवा बोलण्यात वापरत नाहीत. ती ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ म्हणणाऱ्या पिढीबरोबर मागे राहिली. तिचा एक नातलग मात्र अजून जोमात आहे, तो म्हणजे ‘चाकरमानी’. मुंबईत पोट भरणारा आणि गणपतीला गावी येणारा कोकणी माणूस म्हणजे चाकरमानी. गावाकडे हा शब्द कौतुकाने आणि थोड्या चेष्टेने उच्चारला जातो, तर काहींना त्यातला ‘चाकर’ टोचतो. २०२५ मध्ये सरकारी कागदांत त्याऐवजी ‘कोकणवासीय’ म्हणावे अशी सूचना निघाली ती त्यामुळेच. नवख्याने हा शब्द समजून घ्यावा, दुसऱ्याला उद्देशून वापरण्याची घाई करू नये.

‘धंदा’ हा शब्द एकवचनात सरळ आहे. भाजीवाला, रिक्षावाला, दुकानदार ‘आज धंदा झाला नाही’ असे मोकळेपणाने सांगतात. अनेकवचनात मात्र त्याचा रंग उतरतो, आणि ‘त्याचे धंदे मला माहीत आहेत’ हे वाक्य कौतुकाचे राहत नाही. वकील, डॉक्टर, वास्तुरचनाकार यांना ‘तुमचा धंदा कसा चालला आहे?’ असे विचारू नये. त्यांच्यासाठी ‘व्यवसाय’ आहे, आणि सर्व छापील अर्जांतल्या रकान्यातही तोच असतो. ‘उद्योग’ हा तर दुतोंडी शब्द आहे. उद्योगमंत्री, लघुउद्योग, उद्योगपती हे त्याचे घरंदाज रूप. पण लहान मुलाने भिंतीवर तेल ओतले की आई ओरडते, ‘काय उद्योग करून ठेवलास हा?’ ‘नसते उद्योग’ म्हणजे कोणी न सांगता केलेली उपद्व्यापी कामे. सहकाऱ्याने तुम्हाला ‘काय उद्योग चालू आहे?’ असे विचारले, तर कारखाना कुठे आहे ते सांगायचे नसते.

‘कार्य’ या शब्दापाशीही थोडे थांबायला हवे. तो ‘काम’ या शब्दाचा नुसता सोवळ्यातला भाऊ नव्हे. ‘आमच्या घरी कार्य आहे’ याचा अर्थ घरात लग्न किंवा मुंज आहे. आणि कोणी गंभीर चेहऱ्याने ‘दिवसकार्य’ म्हणाले तर मृत्यूनंतरचे विधी आहेत. म्हणून ‘कार्यालय’ शब्दाचेही दोन पत्ते आहेत. जिल्हाधिकारी कार्यालयात शिक्के मारतात आणि मंगल कार्यालयात अक्षता टाकतात. ‘रविवारी अकरा वाजता कार्यालयात या’ असा निरोप मिळाला, तर रविवारी कचेऱ्या बंद असतात हे आठवून आहेर घेऊन जावे.

घरात कामाला येणाऱ्या स्त्रीविषयी बोलताना ‘मोलकरीण’ हा शब्द टाळावा, आणि ‘कामवाली’ही शक्यतो टाळावा. कायद्याने तिला ‘घरेलू कामगार’ म्हटले आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा अधिनियम २००८ सालचा आहे. लिहिताना ‘घरकामगार’ किंवा ‘मदतनीस’ म्हणावे आणि समोर हाक मारताना वयाप्रमाणे ताई किंवा मावशी म्हणावे. कचेरीतल्या शिपायालाही पदनामाने कोणी हाक मारत नाही. तो काका असतो किंवा मामा.

तिसरी पायरी : सुटी, रजा, दांडी आणि खाडा

हे चार शब्द ज्याला नीट वापरता आले, त्याला मराठी कामकाजाचे मर्म कळले असे मी समजतो. ‘सुटी’ सर्वांना मिळते, ती मागावी लागत नाही. तिची जन्मकथा मात्र मागण्याचीच आहे. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची ठरलेली सुटी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, निवेदने दिली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुटी मान्य केली. तेव्हापासून ती कोणा एकाची राहिली नाही, साऱ्यांची झाली. ‘सुट्टी’ आणि ‘सुटी’ ही दोन्ही रूपे चालतात. लिहिताना मी दुसरे वापरतो.

‘रजा’ एकट्याची असते आणि ती मागावी लागते. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थच संमती असा आहे, त्यामुळे ज्या रजेला संमती नाही ती खरे तर रजाच नव्हे. रजा मागतात, टाकतात, काढतात, घेतात. वरिष्ठ ती मंजूर करतात किंवा नामंजूर करतात. राज्य शासनाच्या सेवेत असाल तर महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत तिचे प्रकार दिलेले आहेत : अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा, असाधारण रजा. एखाद्या दिवसापुरती घेतात ती नैमित्तिक किंवा किरकोळ रजा, जिला बोलताना बहुतेक सर्वजण ‘सीएल’ म्हणतात. समारंभात वक्त्याने ‘आता आपली रजा घेतो’ म्हटले, तर तो निरोप घेतो आहे, अर्ज करणार नाही.

‘दांडी’ मारतात, आणि ती न सांगता मारतात. आदल्या दिवशी साहेबांसमोर उभे राहून ‘उद्या मी दांडी मारणार आहे’ असे सांगणारा एक प्रामाणिक तरुण मी पाहिला आहे. त्याला म्हणायचे होते की मला उद्याची रजा हवी आहे. दांडी हा मित्रांमध्ये वापरण्याचा शब्द आहे आणि तोही नंतर, हसत हसत. काही भागांत दांडीला ‘बुट्टी’ असेही म्हणतात.

‘खाडा’ या शब्दाला हिशेबाचा वास आहे. रोजचा क्रम एका दिवसापुरता तुटला की तो खाडा. घरकामाच्या ताई आल्या नाहीत तर खाडा होतो, दूधवाला आला नाही तरी खाडा होतो. अनेक मराठी घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक कॅलेंडर असते आणि त्यातल्या तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात ‘दूध नाही’, ‘१ लि. जास्त’, ‘मावशी नाही’ अशा नोंदी असतात. महिना संपला की ते कॅलेंडर खाली उतरते, खाडे मोजले जातात आणि मगच पैसे हातावर ठेवले जातात. ही नोंद पुसट होते म्हणून शाईचे पेन वापरावे की पेन्सिल, यावर आमच्या घरी दोन पक्ष आहेत. पण हाच शब्द ऊसतोड मजुराच्या तोंडी आला की त्यातला घरगुती गोडवा जातो. तेथे नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ धरतात, एकटा माणूस ‘अर्धा कोयता’ ठरतो. हंगामाआधी मुकादमाकडून ‘उचल’ म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते, आणि आजारपणामुळे एक दिवस जरी फडात जाता आले नाही तरी त्या खाड्याचे पैसे कापले जातात. चौकोनातली ती बारीक नोंद दोन्हीकडे सारखीच असते, तिचे वजन सारखे नसते.

चौथी पायरी : पैशाचे शब्द

येथे फार रेंगाळण्याचे कारण नाही. महिन्याला मिळतो तो ‘पगार’, आणि हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला आहे, जसा त्यांनी ‘मेस्त्री’ दिला. कागदावर त्याचेच ‘वेतन’ होते. दिवसाच्या हिशेबाने मिळते ती ‘मजुरी’ किंवा नुसता ‘रोज’. ‘गवंड्याचा रोज किती?’ असे विचारतात. सगळ्या कामाचा मिळून एकच आकडा ठरवला तर ते ‘उक्ते’ काम होते, आणि घराची रंगरंगोटी करून घेताना रोजाने की उक्ते हे आधी ठरवले नाही तर भांडण ठरलेले असते. शेतावर वर्षाच्या बोलीने राहणारा तो ‘सालगडी’. त्याचे वर्ष जानेवारीत किंवा एप्रिलच्या एक तारखेला नव्हे, तर गुढीपाडव्याला सुरू होते. ‘मानधन’ हा शब्द ऐकायला सन्मानाचा आहे, पण अंगणवाडी सेविकांना विचारून पाहावे; त्यांना मिळते ते मानधन असते, वेतन नसते, आणि या एका शब्दाच्या फरकासाठी त्या वर्षानुवर्षे मोर्चे काढत आल्या आहेत.

पाचवी पायरी : घड्याळ आणि रोजचा क्रम

प्रथम वेळ सांगायला शिकावे. सव्वानऊ, साडेनऊ, पावणेदहा हे सर्वांना लवकर जमते. चुकते ते ‘साडेएक’ आणि ‘साडेदोन’ येथे, कारण हिंदीप्रमाणेच मराठीतही तेथे दीड आणि अडीच बसलेले आहेत. मुंबईत मात्र पाव आणि अर्ध्याने भागत नाही. तेथे लोकलला मिनिटाचेच नाव असते : ‘आठ सदतीस चुकली, मग आठ बेचाळीस पकडली.’ म्हणून मुंबईत राहणार असाल तर एक ते एकोणसाठ हे सर्व आकडे मराठीतून घोकून ठेवावेत, विशेषतः एकोणतीस, एकोणचाळीस ही माळ.

रोजच्या क्रमाला लिहिताना ‘दिनक्रम’ म्हणावे. ‘दिनचर्या’ला आयुर्वेदाचा गंध आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येचा एक अध्याय आहे आणि त्यापाठोपाठ ऋतुचर्येचा. ‘नेम’ हा स्वतः स्वतःला घालून घेतलेला असतो, मग तो पहाटे फिरण्याचा असो वा वारीचा. ‘शिरस्ता’ म्हणजे पडून गेलेली वहिवाट, आणि ‘शिरस्त्याप्रमाणे साहेब उशिरा आले’ या वाक्यात तो थोडा टोमण्याकडे झुकतो. ‘रतीब’ हा माझा विशेष आवडता शब्द आहे. दूधवाला रोज दुधाचा रतीब घालतो. त्यावरून, एखादे वर्तमानपत्र रोज त्याच त्या बातम्या छापू लागले की तेही रतीब घालते आहे असे म्हणतात. कंटाळा आला की ‘रहाटगाडगे’ येते : विहिरीवरच्या रहाटाची मडकी भरतात, रिती होतात आणि पुन्हा खाली जातात.

क्रियापदांपैकी एकच सांगतो, पण ते कचेरीत रोज लागते. ‘वेळेवर या’ ही उद्याच्या बैठकीची सूचना आहे. ‘वेळेवर येत जा’ ही तुमच्या आजवरच्या सवयीवर केलेली टीका आहे. ‘-त जा’ लागले की सांगणारा एका दिवसाबद्दल बोलत नसतो. मोठ्यांना उद्देशून सांगताना त्याचेच ‘येत चला’ किंवा ‘कळवत चला’ असे सौम्य रूप होते. मागच्या काळातली सवय सांगताना बोलण्यात ‘मी रोज चालत जायचो’ किंवा ‘जायचे’ म्हणावे आणि लिहिण्यात ‘जात असे’ असे लिहावे. आणि ‘बघतो’, ‘बघू या’ या शब्दांवर विसंबून पुढची आखणी करू नये. तो बहुधा नकार असतो, फक्त त्याने स्वच्छ कपडे घातलेले असतात.

‘पाळी’बद्दल दोन शब्द. गिरण्यांच्या काळापासून दिवसपाळी, रात्रपाळी, पहिली पाळी, दुसरी पाळी हे शब्द रूढ आहेत आणि भोंगे थांबले तरी ते टिकले. परंतु ‘पाळी’ हाच शब्द मासिक धर्मासाठीही वापरतात, म्हणून सहकारी स्त्रीला विचारताना नुसते ‘पाळी’ न म्हणता ‘तुमची दुपारची पाळी आहे का?’ असे पूर्ण विचारावे, किंवा सरळ ‘शिफ्ट’ म्हणावे. त्याने मराठी बाटत नाही.

सहावी पायरी : कागदावरची भाषा

मराठी कचेरीत तोंडाचे आणि कागदाचे शब्द वेगळे असतात, आणि याला तीन शतकांहून जुनी परंपरा आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले होते. विसाव्या शतकात सावरकरांनी ‘दिनांक’, ‘महापौर’ असे शब्द रुजवले. राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि पदनामांपासून शेऱ्यांपर्यंत सगळे मराठीत आणण्याचे काम सुरू झाले. परिणाम असा की आपण तारीख विचारतो आणि दिनांक लिहितो, हजर असतो आणि उपस्थित म्हणून नोंदवले जातो, सही करतो ती स्वाक्षरीच्या जागी. तरीही कारकून, हजेरी, रुजू, बडतर्फ यांना कोणी हलवू शकले नाही. ‘राजीनामा’ही टिकला, मात्र वेगळ्या अर्थाने : उत्तरेकडच्या कोर्टांत तो समझोत्याचा कागद असतो, आपल्याकडे तो नोकरी सोडण्याचा असतो, त्यामुळे उत्तरेकडून आलेल्यांनी तो शब्द विचार करूनच उच्चारावा. ‘दफ्तर’ही असेच, हिंदीत ते म्हणजे कचेरी, मराठीत दप्तर शाळकरी मुलाच्या पाठीवर असते, किंवा पेशव्यांचे, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे, असते.

एक जोडी मात्र पाठ करावी, कारण तिच्यातली चूक महागात पडते. ‘कार्यवाही’ म्हणजे काम पुढे नेणे आणि ‘कारवाई’ म्हणजे दोषी व्यक्तीला शासन करणे. ‘आपल्या अर्जावर कार्यवाही करण्यात येत आहे’ हे वाचून निर्धास्त व्हावे. ‘आपल्यावर कारवाई करण्यात येत आहे’ हे वाचून वकील गाठावा. ‘कामकाज’ हे तिसरे. विधानसभेचे, न्यायालयाचे, बँकेचे चालते ते कामकाज. पहिला रजेचा अर्ज लिहाल तेव्हा खटाटोप न करता इतकेच लिहावे : ‘महोदय, घरगुती कारणास्तव मला दिनांक १२ व १३ रोजी दोन दिवसांची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती.’ ‘मिळावी’ येथे अर्जाची सगळी नम्रता येऊन गेलेली असते, पुढे ‘कृपा करून’ जोडण्याची आवश्यकता नसते.

संध्याकाळी निघताना

दिवसाच्या दोन टोकांना मराठीने बैलांचे शब्द ठेवले आहेत. सकाळी माणूस कामाला ‘जुंपला’ जातो, जसा बैल औताला; आणि संध्याकाळी तो ‘सुटतो’. ‘किती वाजता सुटता?’ हा शेजाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. ऑफिस सुटते, शाळा सुटते, ‘सुटी’ही त्याच कुळातली. फक्त गाडीच्या बाबतीत कानोसा घ्यावा लागतो : ‘गाडी सुटली’ म्हणजे गाडी वेळेवर निघाली, आणि ‘माझी गाडी सुटली’ म्हणजे ती माझ्याविना निघाली. आपले टेबल आवरून झाल्यावर उरलेल्यांना ‘जातो’ असे सांगू नये. ‘जातो’ कानाला अशुभ लागते, विशेषतः वयस्कर सहकाऱ्यांच्या. ‘निघतो’ चालेल, ‘येतो’ अधिक बरे. ज्याच्यापासून हे सगळे सुरू झाले तो माझा सहकारी आता दरवाजात थांबून, पिशवी खांद्यावर टाकून, रोज न चुकता म्हणतो, ‘येतो हं, मामा’. आणि शिपाईमामाही मान वर न करता ‘या’ म्हणतात.